फुग्यांच्या मागचा पत्रा

३ नोव्हेंबर, सोमवार

ही डायरी ह्यांनी आणून दिली. म्हणाले, "दिवसभर माझं डोकं खातेस, त्यातलं अर्धं हिचं खा." म्हटलं बरं. इतकी वर्षं संसार केलेल्या बायकोला नवऱ्याकडून यापेक्षा प्रेमाची भेट मिळायची नाही.

तर पहिली बातमी. आमचं फोटो फ्रेमचं दुकान बंद झालं. लोकांचे फोटो आता खिशातल्या फोनमध्ये राहतात, भिंतीवर कोणाला नकोत. हे कितीतरी दिवस तोंड पाडून बसले होते. शेवटी मीच विषय काढला की तळ्याकाठी संध्याकाळी एवढी माणसं फिरायला येतात, तिथे आपण छर्ऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडायचा स्टॉल टाकू. हे म्हणाले, "अगं, बंदूक ती बंदूकच." मी म्हटलं, "फुगेच फोडायचेत, कोणाच्या जिवावर नाही उठायचंय." मनातून मलाही धाकधूक आहे. या वयात नवा धंदा म्हणजे पोहता येत नसताना मारलेली उडी. पण ते ह्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. दोघांनीही हातपाय गाळले तर कसं व्हायचं.

८ नोव्हेंबर, शनिवार

स्टॉल सुरू झाला. ह्यांनी फुगे टांगायची लाकडी चौकट अशी केलीय की बघत राहावं. चारही कोपरे काटकोनात, सांधा दिसत नाही. जन्मभर फ्रेमा केलेल्या माणसाला फुग्यांनाही फ्रेम लागते. चौकटीच्या मागे मात्र आमची जुनी सतरंजी दुहेरी करून सैल टांगून ठेवलीय. मी म्हटलं, "एवढ्या देखण्या चौकटीमागे हे काय लक्तर?" तर म्हणे छर्रा तिच्यात शिरतो आणि गुपचूप खाली पडतो. गुपचूप पडून काय उपयोग? तमाशाला यायचं आणि ढोलकी बंद ठेवायची, तसलं हे.

पहिला फुगा ह्यांनीच फोडला. आणि एक सांगते, सगळे लोक नेम धरताना एक डोळा मिटतात. हे मिटत नाहीत. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम, आणि फुगा गेलाच. शेजारचा आइस्क्रीमवाला म्हणाला, "साहेब फौजेत होते का?" मी म्हटलं, "नाही, पण माझ्याशी लग्न केलंय, धैर्य तेवढंच लागतं." हे हसले आणि नेहमीसारखी सगळी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी डावीकडे उभी होते. ह्यांना ती खोडच आहे, नुसते डोळे फिरवून बघणार नाहीत, तोंडच फिरवतील.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गर्दी यथातथाच. माणसं थांबतात, बघतात, पुढे जातात. आज माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याचा नेम चुकतो त्याला काहीच कळत नाही. छर्रा कुठे गेला, लागला की नाही, सगळं मुकाट. माणूस खजील होतो आणि बंदूक ठेवून निघून जातो. चुकलं तरी काहीतरी वाजायला हवं.

१६ नोव्हेंबर, रविवार

हे सकाळी फुगे आणायला गेले तेवढ्यात मी सतरंजी उतरवली आणि सुताराकडून मागे चकचकीत पत्रा ठोकून घेतला, चांगला ताणून, टिचकी मारली तरी घुमेल असा. हे आले आणि बघतच राहिले. "अगं, हा पत्रा काही पोटात ठेवणारा नाही," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हाला सगळं पोटात ठेवायची सवय, म्हणून दुकान बुडालं." जरा जास्तच बोलले, पण झालं बोलून.

संध्याकाळी मात्र कमाल झाली. चुकला की टण्ण, चुकला की टण्ण, आणि सगळे हसतात, आणि ज्याचा चुकतो तोच पुन्हा बंदूक मागतो. रांग लागली. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला आणखी एक बंदुकीचा फुगेवाला बसतो, तो मुद्दाम येऊन बघून गेला.  हे मात्र गिऱ्हाइकांना "जरा मागे उभे राहा, अजून मागे" सांगत राहिले. लोक कंटाळतात असल्या सूचनांना. मी रागावले तेव्हा थांबले.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल संध्याकाळी ह्यांच्या उजव्या डोळ्यात छर्रा गेला.

अक्षर मलाच लागणार नाही असं लिहितेय. पण लिहिलं नाही तर मी ओरडेन, आणि हॉस्पिटलच्या या बाकावर ओरडून चालणार नाही. हे आत ऑपरेशनच्या खोलीत आहेत.

एक लाल टोपीवाला होता, दणकट, मित्रांबरोबर आलेला. त्याचा नेम सारखा चुकत होता आणि मित्र त्याला चिडवत होते. हे त्याच्या दोन पावलं मागे उभे राहून डब्यातून छर्रे काढत होते. मी फुगे बांधत होते. टण्ण वाजलं आणि हे खाली बसले. ओरडले नाहीत. मला वाटलं डबा सांडला, छर्रे वेचायला बसलेत. मी म्हटलंसुद्धा, "राहू द्या, मी वेचते." मग त्यांनी तोंड वर केलं. डोळ्यावर हात होता आणि हाताखालून रक्त थोडंच येत होतं, पाण्यासारखं काहीतरी जास्त येत होतं. 

टोपीवाला बंदूक टाकून पळाला. पळाला म्हणजे त्यानेच मुद्दाम मारलं. चिडवत होते म्हणून डोकं फिरलं असणार. एक छर्रा पत्र्यावर मारला, टण्ण वाजला, आणि लगेच दुसरा भरून मागे वळून ह्यांना मारला. मी काय आंधळी आहे, एवढं न कळायला?

२४ नोव्हेंबर, सोमवार

डोळा शिवलाय. शिवलाय हा शब्द डॉक्टरबाईंनी इतक्या सहज वापरला, जसा काही सदऱ्याचा खिसा. छर्रा आतच आहे, बुबुळाच्या मागे खाली जाऊन बसलाय. तो काढायला दुसरं ऑपरेशन, सूज उतरल्यावर. दिसेल का, विचारलं. म्हणाल्या, "आत्ता डोळा वाचवतोय. नजरेचं नंतर बघू." म्हणजे डोळा वेगळा आणि नजर वेगळी, हे मला आज कळलं.

मी म्हटलं, "एक डोळा तर शाबूत आहे ना? एका डोळ्याने लोक सगळं करतात." स्वतःलाच धीर देत होते. मग त्यांनी ह्यांच्या डाव्या डोळ्यासमोर बोटं धरली, हातभर अंतरावर. "किती?" हे गप्प. बोटं जवळ आणली. हे गप्प. मी म्हटलं, "औषधाची गुंगी आहे हो अजून." तेव्हा माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण, कालच आलीय, ती भिंतीला टेकून उभी होती, ती म्हणाली, "गुंगी नाही. त्याला त्या डोळ्याने लहानपणापासून धड दिसत नाही. आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे."

 बाहेर आल्यावर मी नणंदेला म्हटलं, "ताई, मला कधी सांगितलं नाहीत." ती म्हणाली, "लग्न ठरताना त्याने शपथ घातली होती. पुढे म्हणायचा, सांगतो, सांगतो. मला वाटलं सांगितलं असेल." म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरणारा माझा नेमबाज. मिटायची गरजच नव्हती.

म्हणजे होता तो एकच डोळा होता, आणि तोच फुटला. मला राग यायला हवा पण रागाला जागाच नाही, सगळीकडे भीती भरलीय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

डोकं उंचावर ठेवून, न हलता पडून राहायचं. खोकायचं नाही, वाकायचं नाही, शिंक आली तरी दाबायची नाही, तोंड उघडून सोडायची. मी शिंकेलासुद्धा घाबरायला लागलेय. ह्यांचं नाक जरा हललं की मी उठून उभी.

दुपारी पोलीस आला. बरा माणूस, खुर्ची ओढून बसला, सगळं विचारलं. मी टोपीवाल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्या लवकर दुसरा छर्रा भरला? त्या बंदुकीची नळी खाली दुमडून, छर्रा घालून, परत बसवावी लागते." मी म्हटलं, "काही लोकांचे हात फार चपळ असतात." मग तो म्हणाला, "मी स्टॉल बघून आलो. मागे पत्रा कोणी ठोकला?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मी."

मी बघतच राहिले. म्हटलं, "अहो, पत्रा तर—" तेवढ्यात ह्यांनी पाणी मागितलं. घसा कोरडा पडलाय, लगेच पाहिजे, आणि कोमट पाहिजे. कोमट पाणी आणायला मी खालपर्यंत धावत गेले आणि आले तोवर पोलीस गेलेला. हे पाणी न पिताच पडून. औषधांनी डोकं पार भ्रमिष्ट झालंय ह्यांचं, काय आपण केलं आणि काय बायकोने, तेही आठवत नाही. डॉक्टरबाईंना सांगायला हवं. आणि त्या पोलिसाचंही कौतुकच. गुन्हेगार मोकाट आणि हा पत्र्याची चौकशी करतोय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टरबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "या औषधांनी स्मरण जात नाही." मग काय मी खोटं बोलते?

ह्यांनी आज विचारलं, "स्टॉल उघडलास का?" मी म्हटलं, "वेड लागलंय का, तुम्ही इथे असताना?" म्हणाले, "मग उघडू नकोस. मी येईपर्यंत बंदुकीला हात लावू नकोस. कबूल कर." मी कबूल केलं. पण मी नुसती मान हलवली होती, ती ह्यांना दिसणार कशी, पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शेवटी मोठ्याने "कबूल" म्हटलं तेव्हा झोपले.

३० नोव्हेंबर, रविवार

टोपीवाला घरी आला. मी डबा घ्यायला घरी गेले होते, दार उघडलं तर हा समोर. टोपी हातात. मी त्याला दारातच असं फैलावर घेतलं की सगळी आळी बाहेर आली. तो ऐकून घेत उभा राहिला. मग म्हणाला, "काकू, मी घाबरून पळालो, ती चूक माझी. पण काका माझ्या मागे होते. माझं तोंड पत्र्याकडे होतं. मी एकच छर्रा मारला."

मी म्हटलं, "मग तो काय हवेत वळला?"

 त्याने कानाजवळचा गाल दाखवला. बारीकशी जखम, खपली धरलेली. म्हणाला, "हे आधीच्या छर्ऱ्याने झालं. मला वाटलं किडा चावला."

मी दार लावून घेतलं. खोटारडा मेला, असं मोठ्याने म्हटलं. कोणाला ऐकवायला म्हटलं कोण जाणे, घरात तर मी एकटीच होते.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी स्टॉलवर गेले. आसपास कोणी नव्हतं. टोपीवाला खोटा आहे हे मला पोलिसाला दाखवून द्यायचं होतं. कबूल केलेलं मोडलं. बंदूक भरायला मला बराच वेळ लागला, लांब उभी राहिले, फुग्यांशिवाय मोकळ्या चौकटीतून पत्र्याच्या मधोमध नेम धरला आणि मारला.

टण्ण वाजलं आणि माझ्या मागे फळीवर ठेवलेली बक्षिसाच्या चॉकलेटांची काचेची बरणी फुटली.

माझ्या कानावरून काहीतरी गेलं होतं. मी खाली बसले. किती वेळ बसले माहीत नाही. पत्र्यावर जागोजाग खळगे होते. आठवडाभर संध्याकाळी मी त्या पत्र्यासमोर लोकांना उभं केलं होतं, माणसं, म्हाताऱ्या, कडेवरची मुलं, आणि प्रत्येक टण्णला मी हसत होते. पोलिसाला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ह्यांना तर पत्रा ठोकला त्या दिवशीच. अख्ख्या गावाला दिसत होतं, मी सोडून.

मग एकदम आठवलं की पलीकडच्या फुगेवाल्यानेही माझं बघून त्याच आठवड्यात पत्रा ठोकलाय, त्याचं टण्ण आमच्यापर्यंत ऐकू यायचं. मी तशीच धावत सुटले. तो स्टॉल मांडतच होता. मी त्याच्या चौकटीसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, पत्रा काढ, नाहीतर मी इथून हलत नाही. त्याला वाटलं मी धंद्याच्या जळफळाटाने आलेय. म्हणाला, "बाई, नवऱ्याचं दुःख समजतो, पण माझ्या पोटावर पाय देऊ नका." मी त्याचा हात धरून त्याला माझ्या स्टॉलवर ओढत आणलं आणि फुटलेली बरणी दाखवली. तो बराच वेळ काचांकडे बघत राहिला. मग परत गेला आणि आपला पत्रा स्वतःच उपटायला लागला. माझा मी उपटला. बोट कापलं, त्याचं बरंच वाटलं.

हॉस्पिटलमध्ये गेले पण ह्यांच्यासमोर तोंडातून शब्द फुटेना. उद्या त्यांचं ऑपरेशन. आज सांगून उद्या शिंक आली तर, खोकला आला तर, रडू आलं तर. हे कारण खरं आहे. आणि मला भीती वाटते, हेही खरं आहे.

२ डिसेंबर, मंगळवार

छर्रा निघाला. डॉक्टरबाईंनी छोट्या डबीतून दाखवला. चपटा झालेला, एका बाजूने. डोळ्याने तो चपटा होत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पडदा फाटला होता, जेवढा बसवता आला तेवढा बसवलाय. दोन दिवसांनी पट्टी उघडतील. तोवर तोंड खाली करून पडून राहायचं. नणंद म्हणाली, "तू जेव आधी." मी म्हटलं, "ताई, मला गिळवत नाही." ती माझ्या शेजारी बसून राहिली. पत्र्याचं तिलाही माहीत असणार.

४ डिसेंबर, गुरुवार

पट्टी उघडली. डोळा लाल, पापणी सुजलेली, पण डोळा दिसतो डोळ्यासारखा. मी आधी तेवढ्यानेच हुरळले. डॉक्टरबाईंनी डावा डोळा चिकटपट्टीने बंद केला आणि उजव्यासमोर हात धरला. दोन बोटं.

"किती?"

ह्यांनी जरा वेळ घेतला. "दोन."

माझ्या अंगात जीव आला. मी नणंदेचा हात एवढा दाबला की ती कळवळली. दिसलं. ह्यांना दिसलं. एका क्षणात मी काय काय ठरवून टाकलं. फ्रेमचं दुकान पुन्हा काढू, लहानसं, घरातच.

डॉक्टरबाईंनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. "आता किती?"

हे म्हणाले, "तीन."

 डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी बॅटरी लावली, विझवली, लावली, "उजेड कळतो का?" विचारलं. तो कळतो, ह्यांनी दर वेळी बरोबर सांगितलं. "उजेड कळतोय, हे कमी नाही," त्या म्हणाल्या. "यापुढे किती, ते मी आज सांगू शकत नाही. डाव्याला जाड भिंग देऊन बघू." त्यांचा आवाज मऊ होता. डॉक्टर मऊ बोलायला लागले की माणसाने समजून जावं.

त्या गेल्यावर नणंद चहा आणायला म्हणून उठली. हे म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? दिसतंय थोडं थोडं. तू उगाच घाबरतेस."

मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "छर्रा पत्र्यावरून आला. पत्रा मी लावला."

हे म्हणाले, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"टण्ण वाजलं तेव्हापासून." मग म्हणाले, "तू पोलिसासमोर बोलायला लागलीस तेव्हा मला घाम फुटला. तुला कळलं असतं तर तू जेवली नसतीस, झोपली नसतीस. आणि मलाही हट्टाने काढता आला असता की तो पत्रा. नाही काढला. रांग लागली होती, तू खूश होतीस."

मी रडले. इतके दिवस आवरलेलं सगळं बाहेर आलं. पुष्कळ वेळाने म्हटलं, "आणि बोटं?"

त्यांनी हात सोडवून पांघरूण सारखं केलं.

"अहो, बोटं दिसली का?"

"नाही," म्हणाले. "तू समोर श्वास रोखून बसलेलीस, तेवढं ऐकू आलं. म्हणून काहीतरी आकडा सांगितला."

मी म्हटलं, "डाव्या डोळ्याचं माझ्यापासून लपवलंत. पत्र्याचं लपवलंत. आता बोटांचंही. पुरे झालं. आता जे असेल ते सांगायचं, मी मरत नाही त्याने. मी पोलिसालाही उद्या जाऊन सांगणार आहे."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं, सगळी मान वळवून. थोडं चुकलं, माझ्या खांद्याकडे बघत होते. मी सरकून समोर बसले.

"सांगू?" म्हणाले.

"सांगा."

"मला फार भीती वाटतेय गं."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, मलाही. नणंद चहा घेऊन आली तेव्हा आम्ही तसेच बसलो होतो. तिने कप खाली ठेवले आणि दार ओढून घेतलं.